हेल्मेट मामाच्या डोक्यावर होतं, मामी मागे बसली होती

कडुनिंब
नमस्कार. खूप दिवसांनी इथे लिहितोय आणि विषय चांगला नाहीये. गेल्या महिन्यात माझी मामी गेली. वय ५३. मामा-मामी कराडजवळच्या आमच्या गावातून शेजारच्या गावी साखरपुड्याला निघाले होते, अंतर चार किलोमीटर. मामाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तो हेल्मेट घातल्याशिवाय गाडीला किल्लीच लावत नाही. मामी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स आणि आहेराची पिशवी, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. वाटेत शाळेसमोर नवा स्पीडब्रेकर केलाय, त्यावर पट्टे नाहीत, अलीकडे बोर्ड नाही. मामा म्हणतो वेग तीसच्या आतच होता. गाडी उडाली आणि मामी मागच्या मागे उताणी पडली.

रक्ताचा थेंब नाही. उठून बसली, साडी झटकली, सांडलेले पेढे गोळा करायला लागली. "काही नाही झालं, चला, उशीर होतोय" म्हणाली. गेले तसेच कार्यक्रमाला. तिथे जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली, कुणीतरी गोळी दिली आणि आतल्या खोलीत पडायला सांगितलं. दीड तासाने उठवायला गेले तर उशीवर ओकारी झालेली आणि ती उठेचना. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तिथे सीटी स्कॅन नव्हता, तिथून कराड. ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी गेली.

तेव्हापासून मी नुसते आकडे वाचतोय. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल आहे, त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली. आणि त्या पन्नास हजारांतली १४,३३७ गाडी चालवत नव्हतीच, मागे बसलेली होती. हा शेवटचा आकडा मला तोवर माहीतच नव्हता. आमच्या घरात चार दुचाक्या आहेत आणि हेल्मेटं चार, म्हणजे चालवणाऱ्याला एक. मागे बसणारीला एकही नाही, आई, बायको, वहिनी कुणालाच नाही, आणि हे आजवर कुणाच्या मनातही आलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. पडल्यावर ती चांगली बोलत होती, मग असं कसं झालं? आणि घरातल्या बायकांना मागे बसताना हेल्मेट घालायला लावलंय असं कुणी आहे का इथे, कसं जमवलंत?

शेवंती
वाचून पोटात खड्डा पडला. मामांना सांभाळा, ते स्वतःला दोष देत असतील.

न्यूरोवाली
कडुनिंब, फार वाईट वाटलं. मी सरकारी रुग्णालयात न्यूरोसर्जरीत काम केलंय, तुमच्या मामींचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत त्यामुळे त्यांच्याबद्दल नेमकं सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलंत तसा क्रम आम्ही पुन्हापुन्हा पाहतो.

कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्त साठायला लागलं की जागा नाही. पडल्यावर एखादी रक्तवाहिनी फाटली तर रक्त हळूहळू जमतं, सुरुवातीला मेंदू थोडं सहन करतो, तेवढा वेळ माणूस बोलतो, चालतो, चहा पितो. मग एका टप्प्यावर दाब एकदम वाढतो आणि माणूस गुंगीत जातो. या मधल्या शुद्धीच्या काळामुळेच घरचे फसतात. कानशिलापाशी हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते, ती फाटली तर तासा-दोन तासांत खेळ संपतो. दुसरा प्रकार मागे आपटल्यावर होतो. आपटतो मागचा भाग पण मेंदू आत पुढे-मागे हलतो आणि इजा कपाळाच्या बाजूला होते. बाहेर टेंगूळ मागे आणि रक्तस्राव पुढे, असे स्कॅन आम्हाला नेहमीचे.

म्हणून रक्त नाही आलं म्हणजे वाचलो, हे डोक्याच्या बाबतीत धरून चालू नका. डोकं आपटलंय आणि नंतर पुन्हापुन्हा ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, नेहमीपेक्षा जास्त झोप, असंबद्ध बोलणं, एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसणं, एका बाजूच्या हातापायात जोर नसणं, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही एक दिसलं तरी थांबायचं नाही. १०८ ला फोन करतानाच विचारायचं की सीटी स्कॅन असलेलं जवळचं ठिकाण कुठलं, म्हणजे आधी इथे मग तिथे असे दोन फेरे वाचतात. वयस्कर माणूस रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर लक्षणांची वाट न बघता न्या. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, आतल्या शिरा ताणलेल्या असतात, अशा लोकांत रक्त कधीकधी दोन-तीन आठवडे हळूहळू साठतं आणि घरचे म्हणतात आजोबा हल्ली विसरायला लागलेत.

पर्वतीची_पायरी
कडुनिंब, मनापासून वाईट वाटलं. तरी वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. जानेवारी २०१९ मधे पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हा विरोधाच्या मोर्चात मी होतो. हेल्मेटला विरोध नव्हता, सक्तीला होता, आणि अजूनही मला वाटतं की तुमच्या मामींना त्या स्पीडब्रेकरने मारलं. पट्टे का नव्हते, बोर्ड का नव्हता, हे कुणी विचारणार नाही, पावती मात्र नागरिकाची फाटणार. शिवाय शहरात आमच्या पेठांत गाडी वीसच्या वर जात नाही, तिथे मागे बसलेल्या सत्तर वर्षांच्या आईला हेल्मेट घालायला लावणं मला पटत नाही, तिला आधीच मानेचा त्रास आहे.

लेथमास्तर
पर्वतीची_पायरी, स्पीडब्रेकरबद्दल शंभर टक्के सहमत. पण वीसच्या वर जात नाही या वाक्यावर थांबतो, मी आयुष्यभर मशीनशॉपमधे काढलंय म्हणून हिशोबच मांडतो.

गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून काहीही सोडा, जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर होतो. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असताना कलंडली तरी डोकं डांबरावर जवळपास वीसच्या वेगाने येतं. तुम्ही वीसने चालवता का साठने, हा खाली पडण्याचा वेग काही बदलत नाही. आता हा वेग किती अंतरात शून्य होतो त्यावर सगळं. उघडी कवटी डांबरावर आली तर थांबायला मिळतात चारेक मिलिमीटर, कातडी आणि केस दबतात तेवढेच. माझ्या ढोबळ हिशोबाने डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पट निघतो. हेल्मेटमधला थर्मोकोल अडीच सेंटिमीटर दबला तर तोच हिसका साठ पटीवर येतो. लोक बाहेरच्या प्लॅस्टिकवर ठोकून बघतात किती कडक आहे ते, खरं काम आतला थर्मोकोल करतो, स्वतः चिरडून. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, थर्मोकोल दबला की परत फुगत नाही, बाहेरून चकाचक दिसलं तरी.

पर्वतीची_पायरी
हिशोब समजला, आणि खरं सांगायचं तर उभ्या गाडीवरून पडण्याचा विचार मी कधी केलाच नव्हता. पण खड्डे बुजवायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्यावर कधी कारवाई होताना दिसत नाही हे माझं म्हणणं तसंच आहे.

न्यूरोवाली
त्यावर वाद नाहीच. फक्त एक सांगते, हेल्मेट म्हणजे पोलिसांनी लादलेली गोष्ट असं चित्र आहे ते बरोबर नाही. १९३५ मधे इंग्लंडमधे टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले लष्करी अधिकारी, मोटरसायकलवरून पडून काही दिवसांनी वारले, त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. पुढे महायुद्धात सैन्याचे निरोप नेणारे मोटरसायकलस्वार डोकं फुटून मरताना केर्न्सनी पाहिले, १९४१ मधे हेल्मेटवर शोधनिबंध लिहिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात हेल्मेट बंधनकारक झालं. सामान्य लोकांसाठी तिथे कायदा यायला १९७३ उजाडलं. म्हणजे ही मागणी ऑपरेशन थिएटरमधून आलेली आहे. नंतर जगभरचे अभ्यास एकत्र करून जो मोठा आढावा २००८ मधे आला त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. सगळे वाचत नाहीत, हेही त्यातच आलं. छातीला, पोटाला लागलं तर हेल्मेट काय करणार. पण डोक्यापुरतं एवढं काम करणारं दुसरं काही माझ्या हातात नाही, माझं ऑपरेशनसुद्धा नाही.

धाकटी_वहिनी
मी इथे फक्त वाचते, आज लिहितेय. माझे दीर वाचले. लोक म्हणतात नशीबवान, आणि आहेतच, पण वाचणं म्हणजे काय ते कुणी सांगत नाही म्हणून लिहिते.

हेल्मेट घातलं होतं पण पट्टा लावला नव्हता. कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, हेल्मेट उडून एकीकडे आणि ते दुसरीकडे. मेंदूला सूज होती म्हणून डॉक्टरांनी कवटीचं हाड काढून ठेवलं, आणि ते हाड ठेवलं त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली. मला आधी खरंच वाटेना. साडेतीन महिने डोक्याची डावी बाजू बसकी, त्यावर नुसती कातडी, झोपवताना कुशी बदलताना आमचा जीव मुठीत. मग दुसरं ऑपरेशन करून हाड परत बसवलं.

आज चालतात, बोलतात, जेवतात. पण वास येत नाही, अजिबात. गॅस राहिला, दूध करपलं, काही कळत नाही. पतसंस्थेत हिशोब बघायचे, आता बेरीज अर्ध्यावर सोडून उठतात. आधी कधी आवाज चढवला नव्हता, आता ताटात मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावतात आणि दहा मिनिटांनी रडत बसतात. जाऊबाईंना लोक सांगतात सुधारणा आहे ना. आहे. फिटची गोळी एक दिवस चुकली की सगळं घर जागं. पट्टा लावायला दोन सेकंद लागतात, मी ते मोजून बघितलंय.

न्यूरोवाली
धाकटी वहिनी, चिडणं हे त्यांच्या हातात नाहीये, कपाळामागचा मेंदू रागाला लगाम घालतो आणि तिथे मार बसला की हे असं होतं. वासाच्या बारीक नसा कवटीच्या तळातून वर जातात, मेंदू हलला की तुटतात. जाऊबाईंना समुपदेशनाची गरज त्यांच्याइतकीच आहे, जवळच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असेल तर जरूर न्या दोघांना.

बांधावरून
आमच्याकडे ऊसपट्टा. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॅक्टर आणि मागे दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला, अंधारात मोटरसायकलवाला सरळ ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जाऊन धडकतो. गेल्या काही वर्षांत आमच्याच वाडीतली दोन पोरं अशी गेली, एक तर रात्रपाळीला निघालेला. दोघांची हेल्मेटं घरी खुंटीला होती. तालुक्याला जायचं तर घालतात कारण तिथे पोलीस उभा असतो, वाडीतून फाट्यापर्यंत कोण घालतंय.

आणि घालतात ते काय तर रस्त्याकडेला दोरीला टांगलेलं तीनशे रुपयांचं टोपडं. आत थर्मोकोलच नाही, नुसता स्पंज. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी दोऱ्या तशाच लटकतायत. मार्कचा स्टिकर कुणीही चिकटवतो, त्यामुळे आय एस ४१५१ हा हेल्मेटच्या भारतीय मानकाचा नंबर आणि बनवणाऱ्याचा लायसन नंबर दोन्ही आहेत का बघायचं आणि आतली गादी बाजूला सारून थर्मोकोल बोटाने दाबून बघायचा. आम्ही गणपतीच्या वर्गणीतून यंदा ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या लावल्या, साठेक ट्रॉल्या झाल्या. कारखान्याच्या गेटवर उभं राहून लावल्या, ड्रायव्हर लोक आधी कुरकुरले, नंतर स्वतःच ट्रॉली पुसून द्यायला लागले.

मांडवीकाठ
गोव्यात भाड्याच्या स्कूटरबरोबर हेल्मेट देतात, पर्यटक ते कोपराला अडकवून फिरतात, मागच्याला तर बहुतेक नसतंच. आम्ही पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसतो तेव्हा तरी कुठे मागून घेतो? मीही घेत नव्हतो. उद्यापासून माझं स्वतःचं नेणार.

शेवंती
कडुनिंब यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण आमच्या घरात हे जमलंय, तीन वर्षं लागली पण.

बायका का घालत नाहीत ते आधी ऐकून घ्या, नुसतं रागावून होत नाही. एक, अंबाडा. हेल्मेट अंबाड्यावर बसतच नाही, वर तरंगतं, मग डोळ्यावर येतं, मग ती काढून हातात धरते. अंबाडा खाली मानेपाशी बांधायचा किंवा वेणी घालायची आणि कार्यक्रमाला पोचल्यावर केस करायचे, गजरा पर्समधे डबीत. दोन, वजन. पुरुषांसाठी आणलेलं मोठ्या मापाचं हेल्मेट बाईला दिलं की ते डुगडुगतं आणि मान दुखते. पर्वतीची_पायरी, तुमच्या आईचा मानेचा त्रास त्यामुळेही असेल, त्यांच्या मापाचं हलकं आणून बघा. टेप घेऊन भुवईच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजायचा, हेल्मेटच्या आत एम ५८०, एल ६०० असे आकडे मिलिमीटरमधे असतात त्याच्याशी जुळवायचा. तीन, पोचल्यावर ठेवायचं कुठे. लग्नात बाई दोन हेल्मेटं घेऊन फिरणार का? त्यासाठी गाडीला कुलपाची तार मिळते, दोन्ही हेल्मेटं अडकवून ठेवायची. हे तीन प्रश्न सुटल्यावर माझ्या सासूबाई स्वतःहून मागायला लागल्या.

आणि बसणं. एका बाजूला पाय सोडून बसलं की धरायला आधार कमी असतो, त्यात हातात पिशवी. पिशवी पुढे हुकला, आहेर डिकीत, डबा पाठीवरच्या सॅकमधे, मागे बसणारीचा एक हात कायम मोकळा. जमेल तेव्हा ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. पदर आणि ओढणी कमरेला खोचून, नाहीतर चाकात जाते. साडी गार्ड काढून टाकतात मुलं, गाडी चांगली दिसत नाही म्हणून, ते अजिबात काढू देऊ नका.

आडवाटेचा_प्रवासी
लहान मुलांचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आहे, चालवणारा असो की मागचा. आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या पोरांनाही हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस आणि ताशी ४० ची मर्यादा आहे. शाळा सुटताना गेटवर उभं राहून बघा, आईला हेल्मेट, पुढे उभं केलेलं पोर उघडं. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, तिचं निळं हेल्मेट आहे आणि ती ते घातल्याशिवाय बसत नाही, कारण तिने पहिल्या दिवसापासून तसंच पाहिलंय.

बांधावरून
अजून एक, कुणी पडलेलं दिसलं तर हेल्मेट ओढून काढू नका. मान मोडली असेल तर ओढल्याने हातपाय जायचे. श्वास चालू असेल तर राहू द्या, काच वर करा, १०८ लावा. आणि पोलिसांच्या भानगडीला घाबरू नका, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही, आता ते कायद्यातच आहे.

कडुनिंब
सगळ्यांचे आभार. न्यूरोवाली, तुमचं लिहिणं मामाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणत होता मी तिला झोपू द्यायला नको होतं. एवढंच विचारलं त्याने, की तिथल्या तिथे नेलं असतं तर? मी काय उत्तर देणार होतो. त्याने गाडी विकायला काढलीये.

रविवारी आम्ही पाच-सहा जणांनी त्या स्पीडब्रेकरवर पांढरे पट्टे मारले, ग्रामपंचायतीत बोर्डासाठी अर्ज दिलाय, पोच घेतलीये. आणि तीन हेल्मेटं आणली, आई, वहिनी, बायको. आईच्या डोक्याचा घेर ५७ सेंटिमीटर भरला म्हणून ५८० चं घेतलं. अंबाडा खाली बांधून बसतंय नीट, पण गालाला दाबतंय म्हणते, एक नंबर मोठं बदलून आणू का?

लेथमास्तर
गालाला दाबत असेल तर ठेवा, पंधरा-वीस दिवसांत गादी बसते. कपाळावर लाल वळ उठतोय का ते काढल्यावर बघा, उठत असेल तरच बदला. आणि पट्टा लावून, मागून वर ढकलून बघा, डोक्यावरून निघून येता कामा नये.

कडुनिंब
वळ नाहीये. पट्टा लावून ढकललं, निघत नाही. ठेवतो.